बटाट्याचा वास राहिला पाहिजे

नऊ वर्षं मी मळीचा वास घालवायचं काम केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी शिफ्ट केमिस्ट होते. साखर काढून घेतल्यावर खाली जो काळा, चिकट, करपट-गोड वासाचा पाक उरतो ती मळी. तिच्यापासून आधी आर.एस., म्हणजे रेक्टिफाइड स्पिरिट, आणि ते आणखी शुद्ध करून ई.एन.ए., म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी व्होडका म्हणजे हेच ई.एन.ए. आणि पाणी. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ई.एन.ए.चा नमुना पातळ करून नाकाशी धरायचा आणि त्यात मळीची पुसटशीही आठवण आली, तर तो टँक पुन्हा कॉलमला, म्हणजे दारू गाळायच्या उंच नळकांड्याला, लावायचा. नमुन्याला कसलाच वास आला नाही की शिफ्ट चांगली गेली म्हणायचं. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकले तेव्हापासून चांगल्या स्पिरिटची माझी कल्पना हीच होती.

२०२२ मध्ये नवऱ्याची बदली पोलंडला, पोझनानला झाली. सहा महिने घरात बसून काढले, मग शहरापासून तासाभरावरच्या एका शेतावरच्या डिस्टिलरीत हंगामापुरतं प्रयोगशाळेतलं काम मिळालं. तिथे डिस्टिलरीला गोझेल्न्या म्हणतात, आणि सप्टेंबरपासून पुढे चालणाऱ्या हंगामाला कांपान्या. आपल्या गळीत हंगामासारखाच तो शब्द उच्चारताना लोकांच्या अंगात एक लगबग येते. ट्रॅक्टर, वजनकाटा, बॉयलरचा धूर, रात्रपाळीचा चहा. मला परक्या देशात आल्यासारखं वाटलंच नाही.

पहिल्या दिवशी गाव विचारलं. मी कोल्हापूर म्हटल्यावर हिशेब लिहिणाऱ्या बाई खुर्चीतून उठून आल्या आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या आजीच्या बहिणीचं लहानपण कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात गेलं होतं. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बायका आणि मुलंच जास्त. वॉर्सात मोंते कासीनोच्या लढाईच्या स्मारकाशेजारी कोल्हापूरच्या नावाची शिळा आहे, हे मला त्या बाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या चहात साखर किती, हे त्या लक्षात ठेवून होत्या.

मुख्य डिस्टिलर सत्तरीला टेकलेले. त्यांना सगळे पान गोझेलानी म्हणत. पान म्हणजे आपलं साहेब किंवा राव, आणि गोझेलानी म्हणजे दारू गाळण्याच्या कामातला मुख्य माणूस. मालक वयाने लहान, तोही त्यांना असंच हाक मारायचा. माझं पोलिश तोडकंमोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून कमी. पण टेम्परेचर, स्टार्च, अल्कोहोल, फर्मेंटर हे शब्द सगळीकडे चालतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कॉलमकडे बोट दाखवून मला एक गोष्ट तीनदा सांगितली. मालकाच्या मुलीने ती इंग्रजीत करून दिली, "बटाट्याचा वास राहिला पाहिजे."

मला वाटलं, भाषांतरात काहीतरी चुकलं.

ऑक्टोबरात बटाट्याच्या ट्रॉल्या लागल्या. पोलिशमध्ये बटाट्याला झेम्न्याक म्हणतात, पण पोझनानकडचे लोक पिरा म्हणतात आणि ते अभिमानाने म्हणतात. खायचा आणि दारूचा बटाटा वेगळा. दारूला स्टार्च जास्त असलेल्या जाती लागतात. ट्रॉली आत घेण्याआधी जे करतात ते बघून मी थक्क झाले. पाच किलो धुतलेले बटाटे तारेच्या टोपलीत घालून आधी हवेत तोलायचे, मग तीच टोपली पाण्यात बुडवून पुन्हा तोलायची. बटाटा जितका स्टार्चने भरलेला तितका तो पाण्यात जड. त्या वजनावरून तक्त्यात बघून स्टार्चचा टक्का काढायचा आणि त्यावर शेतकऱ्याचा दर ठरवायचा. मी ज्या दिवशी ही टोपली पहिल्यांदा धरली, त्या दिवशी १८ टक्के आला. आपल्याकडे उसाचा भाव साखर उताऱ्यावर ठरतो. काट्याजवळ उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा चेहरा दोन्हीकडे एकसारखाच असतो. माझे वडील ऊस घालतात, त्यामुळे तो चेहरा मी ओळखते.

मळी आणि बटाट्यात मूळ फरक हा, की मळीत साखर तयार असते. पाणी घालायचं, यीस्ट घालायचं, दीड दिवसात वॉश, म्हणजे गाळायला लागणारं आंबलेलं पाणी, तयार. बटाट्यात साखर नाही, स्टार्च आहे, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. कोरड्या भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तोंडात गोड लागायला लागतो. लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडून साखर करतं म्हणून. तेच काम इथे टाकीत करवून घ्यायचं.

त्यासाठी आधी बटाटा फोडायचा. खाली निमुळतं होत जाणारं एक उभं लोखंडी भांडं असतं, त्याला हेन्झे म्हणतात. त्यात बटाटे भरून वाफ सोडायची, प्रेशर कुकरच्या दुप्पट-तिप्पट दाबाने पाऊण तास शिजवायचं आणि मग खालचा व्हॉल्व्ह एकदम उघडायचा. दाबाखालचा बटाटा बाहेर येता येता फुटतो आणि पुढच्या टाकीत नुसता गुळगुळीत लगदा पडतो. तो आवाज गावभर जातो. शाळेतल्या मुलांना त्यावरून वेळ कळते, असं गोझेलानी म्हणायचे. मग लगदा ५५-५६ अंशांवर आणून त्यात सातूचं माल्ट घालायचं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. लहान मुलांना आपण मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व देतो, तीच विद्या. दाण्याला मोड येताना त्यात स्टार्च तोडणारी एन्झाइम्स तयार होतात. बाहेर विकायच्या कच्च्या स्पिरिटसाठी ही डिस्टिलरी विकतची एन्झाइम्स वापरायची, पण स्वतःच्या व्होडकेसाठी माल्टच.

साखर झाली की नाही हे बघायला माझ्याकडे एक पांढरी बशी होती. गाळलेल्या लगद्याचा एक थेंब बशीत, शेजारी आयोडीनचा एक थेंब, आणि काचेच्या काडीने दोन्ही एक करायचे. पहिल्या वेळी गडद निळा. म्हणजे स्टार्च शाबूत. वीस मिनिटांनी जांभळा. आणखी वीस मिनिटांनी तांबूस. चौथा थेंब आयोडीनच्या मूळ पिवळ्या रंगाचाच राहिला, तेव्हा गोझेलानींनी बशी खिडकीकडे नेली, उजेडात तिरकी धरून बघितली आणि ती मला परत देताना नुसती मान हलवली. त्यांच्याकडे साखर मोजायचं चांगलं उपकरण होतं. तरी ते बशीवर विसंबायचे, आणि दोन महिन्यांनी मीही विसंबायला लागले.

या साखरलेल्या लगद्याला झाचेर म्हणतात. तो ३० अंशांच्या खाली आणून यीस्ट घालायचं आणि तीन दिवस सोडून द्यायचं. शेवटी आठ-नऊ टक्के अल्कोहोल. टनभर मळीतून आम्ही साधारण २२०-२४० लिटर शुद्ध अल्कोहोल काढायचो, टनभर बटाट्यातून शंभराच्या थोडं वर. म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४० टक्क्यांच्या बाटलीत जवळजवळ दोन किलो बटाटे जातात. बटाटा जड, लवकर नासणारा, थंडीत गोठणारा. तेवढ्याच वजनाच्या धान्यातून तिपटीहून जास्त दारू निघते. म्हणून पोलंडमध्येही बहुतेक व्होडका धान्याचीच असते. व्होडका म्हणजे बटाट्याची दारू, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे.

पोलंडचं खरं धान्य म्हणजे राय, पोलिशमध्ये झीतो. राय आणि आपली मोहरी-राई यांचा काही संबंध नाही. हे गव्हाच्या नात्यातलं, लांब कुसळांचं, करड्या-हिरवट दाण्याचं धान्य आहे. वाळूसारख्या हलक्या जमिनीत आणि कडक थंडीत गहू टिकत नाही तिथे राय येते. त्यांची काळी भाकरी, आंबवलेलं सूप, दारू, सगळं तिचंच. आपल्याकडे जी जागा ज्वारीची, ती तिकडे रायची.

बटाटे संपल्यावर डिसेंबरात रायला सुरुवात झाली आणि तिथे माझ्या हातून मोठी चूक झाली. फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, किती भरायचा याचा हिशेब मी मळीच्या सवयीने केला आणि जवळजवळ काठापर्यंत भरला. रायमध्ये असे काही पदार्थ असतात की तिचा लगदा भेंडीसारखा तार धरतो आणि त्यात अडकलेला वायू बाहेर निघत नाही. रात्री तीन वाजता बॉयलरवाल्याने मला हाक मारली. मॅनहोलमधून फेस बाहेर येऊन टाकीच्या अंगावरून खाली उतरत होता. कणकेच्या रंगाचा, हाताला चिकटणारा, आंबट वासाचा. आमच्याकडे फेस मारायला टर्की रेड ऑइल असायचं. इथे ते कुठे ठेवलंय हेही मला ठाऊक नव्हतं. दोनेक शे लिटर झाचेर जमिनीवर गेला. सकाळपर्यंत मी आणि बॉयलरवाला खरवडत होतो. मला फार वाईट वाटत होतं, कारण तो कुणाच्या तरी शेतातला माल होता.

गोझेलानी सहाला आले. काही बोलले नाहीत. टाकीच्या बाजूला शिडी लावून वर चढले आणि अंगठ्याने एक जागा घासली. साधारण पाऊण उंचीवर पुसट झालेली तांबड्या रंगाची रेघ होती, तिच्याजवळ झीतो लिहिलेलं. त्यांनी रंगाचा डबा आणून माझ्या हातात ब्रश दिला. ती रेघ मी पुन्हा रंगवली. त्यानंतर रायला आम्ही लगदा पातळ करणारं एन्झाइमही आधीच घालू लागलो.

कॉलमवर आले तेव्हा मात्र वाटलं, आता आपल्या घरी आलो. बुडाशी वाफ, वर थाळ्यांवर थाळ्या. प्रत्येक थाळीवर थोडं उकळतं, थोड्या वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि अल्कोहोल एकेक पायरी वर चढत जातं. इनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० मध्ये अशा सलग चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि आजची स्वच्छ व्होडका त्याच कल्पनेवर उभी आहे. बाटल्यांवर ‘पाच वेळा गाळलेली’, ‘सात वेळा गाळलेली’ असं छापतात त्याला माझ्या लेखी अर्थ नाही. साठ थाळ्यांच्या कॉलममध्ये एकाच फेरीत किती वेळा गाळलं, हे कसं मोजणार? विचारायचं ते हे, की कुठे थांबलात आणि काय काढलंत.

आमच्या कच्च्या स्पिरिटचा मोठा भाग, साधारण नव्वद टक्के अल्कोहोल असलेला, टँकरने एका मोठ्या शुद्धीकरण कारखान्यात जायचा. पोलंडमधली जुनी रीतच अशी, शेतावर कच्चं गाळायचं आणि शहरात शुद्ध करायचं. मी एकदा टँकरबरोबर गेले. तिथे स्पिरिटमध्ये मुद्दाम गरम पाणी घालून ते पातळ करतात. पातळ अवस्थेत फ्युजल ऑइलसारखे जड वासाचे घटक अल्कोहोलच्या आधी उडतात, ते वरून काढून टाकतात आणि उरलेलं पुन्हा ९६ टक्क्यांच्या वर चढवतात. आम्ही ई.एन.ए.साठी हेच करायचो. नियंत्रण कक्षातले पडदे, नमुन्याच्या बाटल्या, मुलांचे जागरणाने ओढलेले डोळे, सगळं ओळखीचं. त्यांनी नमुना पुढे केला. मी वास घेतला आणि मराठीतच म्हणाले, चोख आहे. राय नाही, बटाटा नाही, काहीच नाही.

परत येताना माझ्या डोक्यात गोझेलानींचं ते वाक्य घोळत होतं.

मालकाने काही वर्षांपूर्वी तांब्याचा एक छोटा कॉलम बसवला होता, स्वतःच्या नावाच्या व्होडकेसाठी. युरोपात व्होडकेचं स्पिरिट निदान ९६ टक्क्यांपर्यंत चढवावंच लागतं. त्यापेक्षा कमीवर थांबलात तर ती ओकोवीता, म्हणजे मूळच्या लॅटिन ‘आक्वा व्हीते’वरून आलेलं नाव, पण व्होडका नव्हे. हा छोटा कॉलम जेमतेम ९६ गाठायचा. त्याच्यावर पहिला बटाट्याचा घाणा लावला तेव्हा गोझेलानींनी मला शेजारी स्टुलावर बसवलं. युरोपीय कायद्यात व्होडकेच्या व्याख्येत शब्द आहेत की कच्च्या मालाचे गुण ‘निवडून कमी’ केलेले असावेत. नाहीसे केलेले, असं तिथे म्हटलेलं नाही. मालकाच्या मुलीने हे मला सांगितलं तेव्हा मी तो परिच्छेद स्वतः शोधून वाचला. निवडून कमी. मग निवडणारा कोण, हा प्रश्न आलाच.

दर दहा मिनिटांनी गोझेलानी माझ्या तळव्यावर थोडं स्पिरिट ओतत. दोन्ही हात चोळायचे, अल्कोहोल उडू द्यायचं आणि मागे राहतं त्याचा वास घ्यायचा. सुरुवातीचं स्पिरिट हिरव्या सफरचंदासारखं आणि नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखं. ते बाजूला. या पहिल्या भागात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही असतं. ते पेक्टिनपासून होतं, आणि बटाट्यात पेक्टिन असल्याने त्याच्याकडे जास्तच लक्ष ठेवावं लागतं. व्होडकेत शुद्ध अल्कोहोलच्या शंभर लिटरला १० ग्रॅमच्या वर ते चालत नाही. मग वास हळूहळू निवळत गेला. एका क्षणी तळव्यावर काहीच उरलं नाही. माझा हात सवयीने व्हॉल्व्हकडे गेला, की हेच घ्यायचं, हेच उत्तम. गोझेलानींनी मान हलवून थांबवलं. आणखी दहा मिनिटं. आणि मग तळव्यावर काहीतरी आलं. फार पुसट. साय, ओली माती, आणि उकडलेल्या बटाट्याची साल. ते हसले. आता घे, म्हणाले. ते घेत राहिलो. पुढे कधीतरी ओल्या घोंगडीसारखा कुबट वास आला तेव्हा त्यांनी स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. बस्स.

या दोन वासांच्या मधली जागा किती मोठी ठेवायची, यावर त्यांची व्होडका ठरत होती. माझी नऊ वर्षं त्या जागेच्या अगदी अरुंद पट्टीत गेली होती.

बॉयलरच्या मागे रोज सकाळी शेतकऱ्यांची रांग लागायची, टाक्या घेऊन. अल्कोहोल काढल्यावर उरलेलं गरम, घट्टसर पाणी, त्याला वीवार म्हणतात, ते गाईंना घालतात. वाफा निघत असतानाच घेऊन जायचे. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथेच उभी राहिले. मळीच्या डिस्टिलरीत लिटरभर अल्कोहोलमागे आठ-दहा लिटरच्या वर स्पेंट वॉश निघतो, काळाकुट्ट आणि आम्लधर्मी. त्याचं काय करायचं हा आमच्या जिवाला कायमचा घोर. गॅस काढा, आटवा, जाळा, प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करा, पण एक थेंब ओढ्याला जाता कामा नये. इथे तीच वस्तू लोक रांग लावून नेत होते. त्या गाईंचा मला हेवा वाटला, असं मी घरी फोनवर सांगितल्याचं आठवतं.

पाणी घालायचा दिवस वेगळाच. ९६ टक्क्यांचं स्पिरिट ४० वर आणायचं. पाणी मऊ लागतं, नाहीतर क्षारांमुळे बाटलीत धूसरपणा येतो. टाकीत पाणी सोडलं की ती बाहेरून हाताला कोमट लागते, कारण दोन्ही एकत्र येताना उष्णता बाहेर पडते. आणि आकारमान घटतं. पन्नास मिलीलिटर अल्कोहोल आणि पन्नास मिलीलिटर पाणी एकत्र केलं तर शंभर होत नाही, साधारण ९६-९७ होतं. मेंडेलीव या रशियन रसायनशास्त्रज्ञाचा १८६५ चा प्रबंध याच अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणावर होता. त्यावरून त्यानेच व्होडकेचे ४० टक्के ठरवले अशी गोष्ट लोक सांगतात, पण ती खरी नाही. मेंडेलीवला मिश्रणाचं आकुंचन मोजायचं होतं, पेल्याचा त्यात प्रश्न नव्हता. कोळशाने गाळण्याची युक्तीही रशियातलीच. सेंट पीटर्सबर्गमध्ये लोव्हित्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये कोळसा द्रवातली घाण आणि वास धरून ठेवतो हे दाखवलं. रशियन घराण्याच्या व्होडका त्यामुळे कोळशाला फार मानतात. आमच्या गोझेलानींनी कोळशाचा फिल्टर कापडाने झाकून ठेवला होता. चांगलं गाळलं असेल तर धुवायची गरज नाही, हे त्यांचं मत. ‘पोल्स्का वुत्का’ हे नाव बाटलीवर लावायचं तर २०१३ पासून नियम कडक आहेत. पोलंडमध्येच पिकलेली राय, गहू, सातू, ओट, ट्रिटिकेल (गहू आणि रायचा संकर) किंवा बटाटा, सगळी प्रक्रिया पोलंडमध्येच आणि साध्या व्होडकेत पाण्याशिवाय काही नाही. अमेरिकेत थोडी साखर आणि थोडं सायट्रिक अॅसिड घालायची मुभा आहे. जिभेला ते लगेच कळतं, निदान मला आता कळतं.

फेब्रुवारीत मालकाच्या घरी टेबलावर एकदा सहा पेले मांडले. बर्फातलं काही नाही. थंडीने जीभ बधिर होते आणि दोष झाकले जातात, म्हणून खोलीच्या तापमानाला. शेजारी आंबवलेल्या काकड्या आणि काळी भाकरी. मी पिण्यातली बाई नाही, पण घोटभर घेऊन थुंकायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. रायची पहिली. तोंडात मिरीसारखी चुरचुरली आणि मागे काळ्या भाकरीच्या कडेसारखा किंचित कडवट-गोड वास राहिला. बटाट्याची अगदी उलट. जिभेवर जाडसर, सायीसारखी, चव उशिरा येते आणि उशिरा जाते. स्वीडनची गव्हाची मऊ, जराशी बडीशेपेकडे झुकणारी, पटकन संपणारी. फिनलंडकडची सातूची हलकी आणि कोरडी. अमेरिकेची मक्याची गोडसर. पाचही पारदर्शक, पाचही ४० टक्के, आणि डोळे मिटून मी पाचही वेगळ्या सांगितल्या. एक झुब्रुव्कापण होती, आत गवताची एक काडी घातलेली. पोलंडमधल्या बियावोविएझाच्या जंगलात बायसन, म्हणजे तिकडचे गवे, जे खातात ते गवत. वास नव्या पेंढ्याचा, अगदी भाताची मळणी झाल्यावर येतो तसा. ती मात्र स्पर्धेत नव्हती, मालकाच्या आईला आवडते म्हणून आणलेली.

सहाव्या पेल्यात मी कोल्हापूरहून येताना आणलेली मळीची व्होडका होती. गोझेलानींना सांगितलं नव्हतं. त्यांनी पाणी घालून पातळ केली, बराच वेळ वास घेतला, तळव्यावर चोळली, पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, "खूप स्वच्छ काम आहे. ज्याने केलं त्याला कॉलम चांगला कळतो." थोडं थांबून म्हणाले, "पण ही कुठली, ते मला सांगता येत नाही." मी म्हटलं, ऊस. त्यांनी मला उसाबद्दल विचारलं. तो कसा दिसतो, कधी तोडतात, मळी कशी असते. मी वहीत चित्र काढून दाखवलं. युरोपात ही बाटली विकायची तर ती व्होडका म्हणून विकता येईल, पण वर ‘मळीपासून केलेली’ असं लिहावं लागेल, असं मालक म्हणाला. बटाटा आणि धान्य सोडून इतर कशापासून केली असेल तर ते छापलंच पाहिजे. २००७ च्या आसपास यावरून युरोपात मोठा वाद झाला होता. पोलंड, स्वीडन, फिनलंडसारख्या देशांचं म्हणणं, द्राक्षाच्या स्पिरिटला व्होडका म्हणू नका. शेवटी तडजोड झाली ती ही, लेबलवर लिहायची. मला ती तडजोड पटते. मळीपासून केलेली, असं लिहायला आम्हाला लाज वाटायचं कारण नाही. आम्ही ते नाव आणि तो वास, दोन्ही घालवत बसलो.

कांपान्या संपल्यावर जूनमध्ये गावी गेले. बॅगेत त्या छोट्या कॉलमवरची अर्ध्या लिटरची एक बाटली होती, मी स्वतः वेळ बघून व्हॉल्व्ह फिरवलेल्या घाण्यातली. माझे वडील माळकरी. डिस्टिलरीतली नोकरी त्यांनी चालवून घेतली, पण त्या वासाचे कपडे घरात आले की आधी धुवायला टाक म्हणायचे. बाटली मी कपाटात ठेवणार होते, त्यांनीच विचारलं काय आहे. मी बटाट्याची म्हटलं. त्यांचा विश्वास बसेना. मग मी झाकणात थोडी ओतली, तळव्यावर चोळली, उडू दिली आणि हात त्यांच्या पुढे धरला. त्यांनी जरा कचरतच नाक जवळ आणलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"खरंच की गं," ते म्हणाले. "उकडल्या बटाट्याची साल काढताना येतो, त्यो वास हाय ह्यो."